१७ डिसेंबरला चर्चमध्ये 'हे प्रज्ञे, ये' अशी हाक कोणाला मारतात?

तुम्ही विचारलंय की नाताळच्या आठवडाभर आधी ख्रिस्ती लोक प्रज्ञेला हाक मारतात, म्हणजे ते विद्येची वेगळी देवता मानतात का. नाही. ती हाक येशू ख्रिस्तालाच आहे. मी वसईचा कॅथलिक. वर्षभरातल्या प्रार्थनांमधली ही मला सगळ्यात जवळची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. त्यात १७ ते २३ डिसेंबर हे दिवस खास. सायंप्रार्थनेत येशूची आई मारिया हिच्या स्तोत्राच्या आधी आणि नंतर एक छोटं आवाहन म्हणतात. रोज येशूला नव्या नावाने बोलावायचं: इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, शेवटी इम्मानुएल. रोममध्ये आठव्या शतकातही ही आवाहनं म्हटली जात. सायंप्रार्थना मुख्यतः धर्मगुरू आणि सिस्टर म्हणतात. आम्हा बाकीच्यांच्या कानावर हे शब्द पडतात ते मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत. तिथे शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूच्या चरित्राचं, वाचन होण्याआधी आलेलुया हा जयघोष गातात, त्यात.

पहिल्या दिवसाचं नाव प्रज्ञा. आवाहनाचा भाव असा: परात्पराच्या मुखातून निघालेल्या प्रज्ञे, तू या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतेस, सगळं सामर्थ्याने आणि हळुवारपणे मार्गी लावतेस, ये, आम्हाला शहाणपणाची वाट शिकव. बायबलच्या जुन्या करारात, नीतिसूत्रे या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात, हीच प्रज्ञा सृष्टी घडताना देवाजवळ होती असं ती स्वतः सांगते. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना ख्रिस्ताला देवाचं सामर्थ्य आणि देवाचं ज्ञान, म्हणजे हीच प्रज्ञा, म्हटलं. म्हणून ही हाक त्याला.

पण 'सामर्थ्याने आणि हळुवारपणे' हे एकत्र कसं? मला त्याचं उत्तर त्याच दिवशीच्या वाचनांत सापडतं. पहिल्या वाचनात म्हातारा याकोब आपल्या मुलाला, यहूदाला, राजदंडाचा, म्हणजे राज्य त्याच्या घराण्यात राहील असा, आशीर्वाद देतो. मग शुभवर्तमानात मत्तयाने दिलेली येशूची वंशावळ, अब्राहामापासून चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे. नावंच नावं. गोठा रचायचा असतो, चांदणी टांगायची असते, पुष्कळांचं लक्ष उडतं. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं. त्या यादीत तामार आहे. तिचा सासरा हाच यहूदा. विधवा सुनेला दिलेला शब्द त्याने पाळला नाही आणि शेवटी 'माझ्यापेक्षा तीच नीतिमान' असं त्यालाच म्हणावं लागलं. परक्या मवाबातली रूथ आहे. उरियाची बायको आहे, जिच्यासाठी दाविद राजाने तिच्या नवऱ्याला मरायला पाठवलं. मत्तयाने यांना वगळलेलं नाही. देवाने यहूदाला किंवा दाविदाला टाकून दिलं नाही, त्यांच्या पापाला बरंही म्हटलं नाही. आणि तरी त्याच घराण्यातून येशू आला. देवाची प्रज्ञा म्हणतात ती मला ही वाटते. पुष्कळ माहिती असणं म्हणजे प्रज्ञा असतं, तर ते आवाहन मला इतकं लागलंच नसतं.

ऐकायचं असेल तर १७ तारखेच्या मिस्साला या, कोणी अडवत नाही. फक्त ती तारीख रविवारी आली तर वाचनं वेगळी असतात.