दोन काविळी, दोन आकडे

प्रश्न : माझ्या वडिलांचे (वय ६४) डोळे आठवडाभरापासून पिवळे आहेत, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि शौचाचा रंग मात्र मातकट पांढरा झाला आहे. रिपोर्टमध्ये एकूण बिलिरुबिन ८.४ आणि त्यातील ‘डायरेक्ट’ ६.९ आहे. माझ्या २१ वर्षांच्या भाच्याचे एकूण २.६ आणि डायरेक्ट ०.३ आले, तेव्हा डॉक्टरांनी त्याला औषधही दिले नाही. दोन्ही कावीळच असेल, तर हा फरक कशामुळे? यकृत पित्त तयार करते म्हणजे नेमके काय करते?

उत्तर : आधी एक खुलासा. छातीत जळजळले की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो, पण ते जठरातले आम्ल असते. यकृतातले पित्त निराळे. ते हिरवट-पिवळे व कडू असते आणि दिवसाला अर्धा लिटरहून अधिक तयार होते.

यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते आणि त्यातले बरेचसे थेट आतड्यांकडून आलेले असते. यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती चाळणीसारख्या सच्छिद्र असल्यामुळे रक्तपेशी आतच राहतात, पण रक्तद्रव त्यातल्या प्रथिनांसकट बाहेर झिरपून यकृतपेशींना भिडतो.

आता बिलिरुबिनचे पाहू. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी मोडीत निघतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनपासून मुख्यतः हे पिवळे द्रव्य रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम तयार होते. ते पाण्यात विरघळत नसल्याने अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून यकृतापर्यंत येते. यकृतपेशी ते अल्ब्युमिनपासून सोडवून आत घेते, एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून विरघळण्याजोगे करते आणि मग शेजारच्या पेशीला लागून जी अगदी बारीक पन्हळ असते, तिच्यात ऊर्जा खर्चून लोटते. कोलेस्टेरॉलपासून बनवलेले पित्तक्षारही याच पन्हळीत सोडले जातात, त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते आणि पित्त वाहू लागते. चरबीच्या पचनाचे काम संपल्यावर लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे ९५ टक्के पित्तक्षार पुन्हा रक्तात शोषले जातात, यकृत ते परत टिपून घेते आणि तीन-चार ग्रॅमचा तोच साठा दिवसातून अनेकदा फिरवते. इतकी वर्षे हा विषय शिकवूनही ही काटकसर मला आजही थक्क करते.

रिपोर्टमधले दोन आकडे या प्रवासाचेच दोन टप्पे आहेत. जोडणी झालेले बिलिरुबिन ढोबळमानाने ‘डायरेक्ट’, न झालेले ‘इनडायरेक्ट’. आपल्या भाच्याचे जवळजवळ सगळे बिलिरुबिन जोडणीविना राहिले आहे. रक्तपेशी अकाली फुटत नसतील आणि यकृताच्या इतर तपासण्या ठीक असतील, तर हा बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम असावा. यात जोडणी करणारे विकर जन्मतःच मंद असते. एकादशीचा कडक उपवास किंवा साधा ताप एवढ्यानेही डोळे पिवळसर दिसू शकतात, पण यकृताला इजा होत नाही.

वडिलांच्या बाबतीत जोडणी होते आहे, अडले आहे ते बाहेर पडणे. तयार झालेले बिलिरुबिन रक्तात परतते आणि विरघळणारे असल्याने मूत्रपिंडातून उतरून लघवी गडद करते. ते आतड्यात पोहोचत नसल्याने शौचाला नेहमीचा तपकिरी रंग येत नाही. अंगाला खाज असेल, तर तीही पित्त तुंबल्याचीच खूण समजावी. यकृताच्या सुजेतही असे चित्र काही काळ दिसते. मात्र या वयात पित्तनलिकेत खडा किंवा गाठ नाही ना, हे आधी पाहिलेच पाहिजे. म्हणून कावीळ उतरवून घेण्यात किंवा पथ्यावर विसंबून दिवस घालवू नयेत. पोटाची सोनोग्राफी झाली नसेल, तर ती एक-दोन दिवसांतच करून घ्यावी, आणि थंडी वाजून ताप आल्यास तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. तेव्हा रात्र असली तरी त्यांना तत्काळ रुग्णालयात न्यावे.