निकाल राखीव, पीआरएन, क्रेडिट, एटीकेटी: बहिणीच्या मार्कलिस्टमधलं नेमकं काय बघायचं?

दादा, तुमचा प्रश्न असा: बहीण कर्नाटकातून पीयूसी, म्हणजे तिकडची बारावी करून सोलापूरच्या कॉलेजात बी.एस्सी. पहिल्या वर्षाला आली, पहिल्या सत्राचा निकाल ऑनलाइन बघितला तर 'निकाल राखीव', आणि मार्कलिस्टवरचे आकडे नि अक्षरं घरात कुणालाच उलगडेनात. ती नापास झाली का, वर्ष जाईल का, ही तुमची भीती.

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेश आणि परीक्षेचं काम बघते. आधी एवढं ऐका की राखीव म्हणजे नापास नव्हे. पेपर तपासलेले असतात, गुणही भरलेले असतात. कुठलातरी कागद अडलेला असतो म्हणून विद्यापीठ निकाल जाहीर करत नाही. बहिणीच्या बाबतीत तो कागद बहुधा एलिजिबिलिटीचा, म्हणजे पात्रतेचा आहे.

कॉलेजने प्रवेश दिला म्हणजे विद्यापीठाने दिला असं होत नाही. कॉलेज तिची कागदपत्रं विद्यापीठाकडे पाठवतं, तिथे आधीची परीक्षा मान्य आहे का ते तपासतात. तोवर तिची पात्रता तात्पुरती, प्रोव्हिजनल असते. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांचं हे बहुतेक वेळा विनात्रास पार पडतं. दुसऱ्या राज्याच्या बोर्डाचं असलं की मूळ मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे ते बोर्ड सोडून दुसरीकडे शिकायला जात असल्याचा दाखला लागतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि सीमेपलीकडच्या इंडी, आळंद भागातली पुष्कळ मुलं कन्नड माध्यमातून शिकून इकडे येतात. पीयू कॉलेजची टीसी आणून दिली की झालं, असं त्यांना वाटतं. टीसी कॉलेज देतं, मायग्रेशन बोर्ड देतं. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

आता नंबर. पीआरएन हा विद्यापीठातला तिचा कायमचा नोंदणी क्रमांक. राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत तो १६ अंकी असतो आणि पहिले चार अंक नोंदणीचं वर्ष दाखवतात. पदवी होईपर्यंत तो बदलत नाही. पुढे ट्रान्स्क्रिप्ट, पदवी प्रमाणपत्र, नोकरीतली पडताळणी, सगळं याच नंबरावर निघतं. सीट नंबर मात्र त्या त्या परीक्षेपुरता. रोल नंबर कॉलेजच्या हजेरीपुरता. फोनवर चौकशी करताना मुलं सीट नंबर सांगत बसतात आणि समोरचा पीआरएन मागत असतो, म्हणून तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.

आणखी एक नंबर एबीसी आयडीचा, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतल्या खात्याचा, १२ अंकी. त्यालाच आता अपार आयडी म्हणतात. डिजिलॉकरवर आधारच्या जोरावर तो तयार होतो आणि तिने मिळवलेले क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर त्याच्या तासांनुसार मिळणारे अंक, त्या खात्यात जमा होतात. उद्या लग्न होऊन पुण्याला गेली, किंवा मध्ये शिक्षण थांबवावं लागलं, तरी ते क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठात नेता यावेत हा त्यामागचा हेतू.

यात सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आपल्या सोलापुरात तेलुगू आणि कन्नड आडनावं भरपूर. एकच आडनाव आधारवर एका स्पेलिंगने, दहावीच्या सनदेवर दुसऱ्याने, बारावीला तिसऱ्याने. कर्नाटकातल्या कागदांवर तर आडनावाच्या जागी नुसतं आद्याक्षर असतं आणि आपल्याकडे आडनाव, नाव, वडिलांचं नाव, शिवाय आईचं नाव असा क्रम. नाव जुळलं नाही की क्रेडिट खात्यात उतरत नाहीत. हे पहिल्या वर्षात दुरुस्त करणं सोपं असतं. पदवी छापून आल्यावर तेच काम प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रापर्यंत जाऊ शकतं. मुलींना या पायी नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत अडकून रडताना मी पाहिलंय, म्हणून इतकं कळकळीने सांगते.

मार्कलिस्टवर प्रत्येक विषयापुढे यूए आणि सीए असे रकाने दिसतील. यूए म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेचे गुण, सीए म्हणजे कॉलेजने दिलेले अंतर्गत गुण. कुठेतरी 'एबी' दिसलं तर तिथे गैरहजेरी लागलीय. ती हजर असेल तर लगेच परीक्षा विभागात सांगा.

विषयांपुढची बाकीची अक्षरं विषयाचा प्रकार सांगतात. मेजर हा मुख्य विषय. ओई म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडलेला विषय. व्हीएससी आणि एसईसी कौशल्याचे, एईसी भाषेचा, व्हीईसी मूल्यशिक्षणाचा, आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरेचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून ही रचना आली. पहिल्या वर्षाचे क्रेडिट साधारण ४४, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. तासाच्या हिशेबात लेखी विषयाचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३० तास.

गुणांवरून प्रत्येक विषयाला दहापैकी ग्रेड पॉइंट मिळतो. एसजीपीए ही त्या एका सत्राच्या ग्रेड पॉइंटची सरासरी, सीजीपीए आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांची. समजा ४ क्रेडिटच्या विषयात ग्रेड पॉइंट ८ आणि २ क्रेडिटच्या विषयात ६ मिळाले, तर ३२ अधिक १२ म्हणजे ४४, भागिले ६ क्रेडिट, उत्तर ७.३३. म्हणजे मोठ्या क्रेडिटच्या विषयात घसरलं की जास्त फटका बसतो. अभ्यासाचा वेळ वाटताना तिने हे ध्यानात ठेवावं. सीजीपीएला दहाने गुणून टक्के काढू नका. विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र असतं, अर्जात तेच वापरायचं.

एटीकेटी म्हणजे एखाददुसरा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसायची परवानगी. त्याने वर्ष जात नाही, पण विषय डोक्यावर राहतो, आणि पहिल्या वर्षाचे राहिलेले विषय तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला आडवे येतात असा नियम बऱ्याच अभ्यासक्रमांना आहे. राहिलेल्या विषयाचा फॉर्म भरताना पेपरचा कोड मार्कलिस्टवरून जसाच्या तसा उतरवायचा. अभ्यासक्रम बदलला की त्याच नावाचा विषय नव्या कोडने येतो आणि भलताच पेपर हातात पडतो.

तुमच्या आईंची पदवी कोल्हापूरची आहे आणि बहिणीची सोलापूरची, असं का, हेही विचारलंय. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून आईंची कागदपत्रं तिकडेच मागायची. २०१९ पासून विद्यापीठाच्या नावात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर आलं. जुन्या प्रमाणपत्रावर नुसतं 'सोलापूर विद्यापीठ' असलं तरी ते तेच विद्यापीठ.

आता करायचं काय? थेट केगावला विद्यापीठात जाऊ नका. राखीव निकालाचा प्रस्ताव कॉलेजमार्फतच जातो, तिकडे गेलात तरी परत कॉलेजलाच पाठवतील. पीयूसीची मार्कलिस्ट, टीसी, आधार आणि प्रवेशाची पावती घेऊन कॉलेजच्या एलिजिबिलिटीच्या खिडकीवर जा आणि कुठला कागद बाकी आहे ते लेखी मागा. मायग्रेशन अजून काढलं नसेल तर आजच पीयू कॉलेजला फोन लावून ते बोर्डाकडून कसं काढायचं ते विचारा. मूळ प्रत इथे जमा करावी लागते, तेव्हा देण्याआधी तिच्या झेरॉक्स काढा आणि कॉलेजकडून पोच घ्या. दुसऱ्या सत्राचा परीक्षा फॉर्म मात्र यासाठी थांबवू नका, त्याची तारीख वेगळी असते.