हंडी जुनी, तारा नव्या : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळीपूर्वीच्या रंगकामाचे दिवस जवळ आले की दिव्यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतील बहुतेक पत्रे जुन्या धाटणीच्या दिव्यांबद्दल होती. त्यांपैकी चार प्रश्न निवडले असून पहिल्या दोहोंना मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : वाईच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा दिवाणखान्यातील निळ्या काचेची हंडी, म्हणजे छताला साखळ्यांनी टांगायचा काचेचा दिवा, आमच्या वाट्याला आली. पुण्यातील आमच्या फ्लॅटमध्ये ती बैठकीच्या खोलीत टांगावी अशी फार इच्छा आहे. छताची उंची साडेनऊ फूट आहे. हंडीच्या तळाला भोक पाडून होल्डर बसवावा लागेल, असे वायरमनचे म्हणणे आहे. तसे करावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कृपया भोक मुळीच पाडू नका. जुनी काच ड्रिलखाली तडकण्याची भीती तर आहेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या भोकाची गरजच नाही. हंडी वरून उघडी ठेवलेली असते, कारण ती विजेसाठी घडवलेलीच नव्हती. तिच्यात पाणी भरून त्यावर तेलाचा थर तरंगवीत आणि त्यात वात पेटवीत, पुढे कित्येक घरांत तेलाऐवजी मेणबत्ती आली. म्हणूनच होल्डरसुद्धा वरूनच, तिन्ही साखळ्या जिथे एकत्र येतात त्या कडीतून तारेने खाली सोडावा. बल्बचे टोक काचेला कुठेही टेकणार नाही, इतके अंतर राखावे.

वाड्यातील सामानात काचेची एक छोटी, घंटेच्या आकाराची छत्री कुठे पडली आहे का, तेही जरूर शोधा. माझ्या आजोळच्या ओटीवरील हंडीवर ती होती आणि तिच्या आतल्या बाजूला काजळीचे एक तपकिरी कडे कायमचे उमटले होते. वातीचा धूर कडीपाटाला, म्हणजे लाकडी छताला, लागू नये म्हणून ती हंडीच्या वर टांगत असत. वाटण्यांच्या वेळी हा भाग निरुपयोगी समजून बहुधा टाकून दिला जातो, याचे मला फार वाईट वाटते, कारण तिच्यावाचून हंडी अर्धीच राहते. तुम्हाला ती सापडली तर तार तिच्या मधल्या कडीजवळून नेता येईल आणि होल्डरचा वरचा भागही झाकला जाईल.

टांगण्याबद्दल तीन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे हंडीचा भार स्लॅबवर गेला पाहिजे, पीओपीच्या खोट्या छतावर नव्हे. पंख्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेला लोखंडी हूक मोकळा असेल तर उत्तमच, नाहीतर स्लॅबमध्ये अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट रुतणारा बोल्ट) बसवून घ्यावा. दुसरी म्हणजे जिथून माणसे ये-जा करतात तिथे हंडीचा तळ जमिनीपासून सात फुटांच्या खाली येऊ देऊ नये. बैठकीच्या मधल्या मेजावर किंवा कोपऱ्यात मात्र ती बिनदिक्कत खाली उतरवावी, तिथे ती अधिक शोभते. तिसरी गोष्ट पंख्याची. पंख्याच्या वाऱ्याने हंडी सतत झुलत राहिली तर साखळीच्या कड्या झिजतात, आणि दिवा पात्यांच्या वरच्या पातळीत राहिला तर साऱ्या खोलीभर पात्यांच्या सावल्या फिरत राहतात. त्या सावल्यांत पाच मिनिटे बसवत नाही. म्हणून हंडी पंख्यापासून दूर आणि पात्यांच्या खालीच असावी.

निळ्या काचेत अंबर रंगाचा बल्ब लावू नका. निळी काच पिवळा-तांबूस प्रकाश गिळून टाकते आणि उजेड मलूल, मातकट होतो. २७०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर), स्वच्छ काचेचा, फिलामेंट पद्धतीचा एलईडी बल्ब लावावा. जुन्या टंगस्टनच्या ६० किंवा १०० वॅटच्या बल्बची उष्णता या काचेला सोसायला लावू नये.

राहता राहिली तार. हंडीसोबत कापडी वेष्टनाची जुनी वायर आली असेल तर ती कितीही देखणी दिसली तरी काढून टाका. तिच्या आतले रबर काही दशकांनी कडक होऊन तडकते आणि वाकवताच भुगा होऊन गळते. तशाच विणीचे कापड चढवलेली, आतून पीव्हीसीचे वेष्टन असलेली नवी वायर मिळते. ती तीन तारांचीच घ्यावी, कारण पितळी कडी आणि साखळीला अर्थिंग हवेच.

प्रश्न : हॉल आणि जेवणाच्या जागेत आम्ही अंबर काचेचे फिलामेंट बल्ब लावले. फोटोत घर अतिशय सुंदर दिसते, पण सासूबाईंना संध्याकाळी पोथी वाचता येत नाही आणि तांदूळ निवडता येत नाहीत. सगळे काढून पुन्हा पांढऱ्या ट्यूब लावाव्यात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सासूबाईंची तक्रार अगदी रास्त आहे आणि तिचे कारण बल्बच्या खोक्यावरच छापलेले असते. आपण वॅट पाहतो, पण पाहायला हवेत ते ल्यूमेन, म्हणजे बल्ब एकूण किती उजेड देतो त्याचे माप. पूर्वीचा ६० वॅटचा साधा बल्ब सुमारे ७०० ते ८०० ल्यूमेन उजेड देत असे, तर ४ वॅटचा फिलामेंट एलईडी स्वच्छ काचेतून जेमतेम ४०० देतो आणि अंबर काचेतून त्याहूनही कमी. त्यात वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि बाहुली कमी उघडते, त्यामुळे जो उजेड तुम्हाला पुरतो तो त्यांना अपुराच पडणार. दुसरा आकडा रंगाचा. अंबर बल्ब साधारण २००० केल्विनच्या आसपास, म्हणजे समईच्या ज्योतीच्या जवळचा असतो, आणि बाजारात ‘कूल डेलाइट’ म्हणून मिळणारी ट्यूब ६५०० केल्विनची असते. या दोन टोकांमध्ये निवड करण्याची गरज नाही.

आपल्या जुन्या घरांत उजेड कधीच एका जागेवरून येत नसे. देवाजवळ समई, माजघरात लामणदिवा, हातात कंदील आणि वाचणाऱ्याच्या शेजारी काचेची चिमणी असलेला टेबलावरचा दिवा असे. दिवा माणसाजवळ जाई. तेच आजही करावे. अंबर बल्ब शोभेसाठी जिथे आहेत तिथे राहू द्या. सासूबाईंच्या खुर्चीमागे, खांद्याच्या थोडा वर, मान वळवता येणारा पितळी किंवा काळ्या लोखंडाचा भिंतीवरचा दिवा लावा आणि त्यात ३००० केल्विनचा, ८०० ल्यूमेनचा, दुधी काचेचा बल्ब घाला. त्याचे बटन त्यांच्या हाताशी हवे, उठून दाराशी जावे लागू नये. तांदूळ निवडायचे तर टेबलावरचा लटकता दिवा टेबलापासून ३० ते ३६ इंच उंचीवर आणा. खाली उघडी, आतून पांढरी असलेली मुलामा दिलेल्या पत्र्याची टोपी त्याला असली तर उजेड ताटात पडतो, डोळ्यांत नाही. उघडा फिलामेंट बल्ब नजरेच्या रेषेत टांगणे ही जुन्या शैलीच्या नावाखाली होणारी सर्वांत मोठी चूक आहे. पूर्वीच्या दिव्यांना काच, टोपी किंवा झडप असे ती उगाच नव्हे.

प्रश्न : जुन्या बाजारात काळे गोल स्विच आणि आट्यांचे पितळी होल्डर मिळाले. ते वापरता येतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : स्विच वापरू नका. बॅकेलाइटचे, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकचे, आवरण चांगले असले तरी आतले स्प्रिंग आणि स्पर्शबिंदू थकलेले असतात आणि ठिणगी पडू शकते. त्याच रूपाचे नवे, आयएसआय चिन्हाचे स्विच घ्यावेत. होल्डरच्या बाबतीत रूप जुने आणि आतला भाग नवा, असे करता येते. आपल्याकडे पिनचा होल्डर रूढ आहे, शोभेचे बल्ब मात्र बहुधा आट्यांचे येतात. आट्यांच्या होल्डरमध्ये फेजची (वीज आणणारी) तार मधल्या तळाच्या बिंदूलाच आणि न्यूट्रल (परतीची तार) आट्यांच्या कड्याला जोडली पाहिजे, तसेच स्विच फेजवरच हवा. ही जोडणी उलटी झाली तर बल्ब बदलताना हाताला झटका बसू शकतो. मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या, दिवे नंतर.

प्रश्न : आमचे घर समुद्राजवळ आहे. मुरादाबादचे पितळी दिवे वर्षभरातच काळवंडले. चिंचेने घासले तर चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आधी दिव्यावर लाखेचा पारदर्शक थर आहे का ते पाहा. एखाद्या न दिसणाऱ्या जागी नखाने हलकेच खरवडा, पापुद्रा निघाला तर थर आहे. तो असताना चिंच लावली तर पितळ ठिपक्याठिपक्यांनी उजळते आणि दिवा अधिकच वाईट दिसतो. अशा वेळी जुना थर पूर्ण उतरवून, पितळ उजळवून नवा थर चढवून घ्यावा. थर नसेल तर चिंच आणि मीठ उत्तम काम करतात, पण दिवा भिंतीवरून उतरवून, होल्डर आणि वायर वेगळी केल्यानंतरच. ओलसर फडके लागलेला होल्डर तसाच परत बसवू नका. एमसीबी (बोर्डातील त्या दिव्याचा सुरक्षा-स्विच) बंद ठेवून तो दिवसभर उन्हात वाळू द्या. खाऱ्या हवेत दर महिन्याला कोरड्या सुती फडक्याने पुसत गेलात तर चिंचेची वेळ वर्षातून एकदाच येईल. मंद काळसर झाक मला स्वतःला या दिव्यांवर आवडते. फक्त सांध्यांत हिरवट बुरशीसारखा थर दिसू लागला तर तो तेवढा तातडीने काढावा, कारण तिथे धातू खाल्ला जात असतो.