मुलांना विचारलं तर त्यांच्यावर ओझं येईल का?

"तिला कशाला विचारता? उद्या काही बिनसलं तर स्वतःलाच दोष देत बसेल." ११ वर्षांच्या भाचीबद्दल मावशीची ही काळजी होती. आई दीर्घ आजाराने रुग्णालयात. मुलीने बालगृहातच राहायचं की मावशीकडे जायचं, हे बैठकीत ठरायचं होतं.

मावशीची भीती खोटी नाही. "तुला कुठे राहायचंय?" असं थेट विचारलं की निवडीचा भार खरोखरच मुलावर पडतो. कुणालाच दुखवायला नको म्हणून ही मुलगीही "कुठेही चालेल" म्हणाली होती आणि अहवालात "मुलीची हरकत नाही" अशी नोंद झाली. मुलांसोबत काम करताना अशी नोंद दिसली की मी त्यांच्याशी पुन्हा बोलायला बसते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं कलम १२ मुलांना मत मांडण्याचा हक्क देतं, निर्णयाची जबाबदारी त्यांच्यावर टाकत नाही. गप्प राहण्याचीही मुभा असते. म्हणून बैठकीच्या आधीच, तिचा विश्वास असलेल्या ताईंसमोर, तिला सगळं सांगितलं: बैठकीला कोण असेल, काय आधीच ठरलंय, काय अजून बदलू शकतं आणि शेवटचा निर्णय मोठी माणसं घेतील. मग प्रश्न छोटे केले. शाळेचा दिवस कसा जातो? कोण भेटायला हवं? मावशीकडे गेल्यावर काय बदलेल असं वाटतं?

शेवटच्या प्रश्नावर खरं कारण निघालं. मावशी आणि आईचं बोलणं बंद होतं. तिकडे गेल्यावर आईची भेटच होणार नाही, असं तिने धरून ठेवलं होतं. कागदपत्रांत याचा कुठेच उल्लेख नव्हता.

ती मावशीकडे गेली, पण आईच्या भेटींचे दिवस आणि तिला नेणारी व्यक्ती लेखी ठरल्यावरच. शाळा मात्र बदलावी लागली.

सगळ्यात जास्त चुकतं ते यानंतर. बैठक संपते, मोठे घरी जातात आणि मुलाला निर्णय कुणाच्या तरी बोलण्यातून कळतो. आपलं ऐकलंच नाही, असं वाटलं की पुढच्या वेळी ते तोंड उघडत नाही. इथे त्याच ताईंनी त्याच दिवशी तिला सांगितलं: भेटींचं तुझं म्हणणं मान्य झालं, शाळेचं झालं नाही, कारण अंतर फार आहे. ती रडली, चिडली. तिला समजावून गप्प करायची घाई कुणी केली नाही. मन बदललं किंवा ठरलेली भेट चुकली तर कुणाला सांगायचं आणि पुढचा आढावा कधी, हे तिच्या वहीत लिहून दिलं. अहवालातही तिचे शब्द तिच्याच भाषेत, अवतरणचिन्हांत आणि आमच्या मतापासून वेगळे नोंदवले.