सहकाऱ्यासाठी लिंक्डइनवर मनापासून शिफारस कशी लिहावी?

प्रश्न: माझ्याबरोबर काही वर्षं सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून काम केलेल्या मैत्रिणीची नोकरी गेली. तिने लिंक्डइनवर रेकमेंडेशन मागितलं आहे. 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेअर' याच्या पुढे काही सुचत नाही. खोटं न लिहिता तिला उपयोगी पडेल असं काय लिहू? चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर चालेल का?

उत्तर:

तुम्ही तिचं काम इतकी वर्षं जवळून पाहिलंय, म्हणजे लिहिण्याजोगं तुमच्याकडे भरपूर आहे. तुम्ही विशेषणं शोधताय म्हणून अडलंय. ती सध्या बाजूला ठेवा आणि असा एक प्रसंग आठवा, जिथे ती नसती तर गोष्ट वेगळीच घडली असती. तेवढा एक प्रसंग सरळ शब्दांत मांडलात की शिफारशीचा गाभा तयार झाला.

मी हे वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतोय. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभाग सांभाळतो. माणसं निवडताना उमेदवाराचं लिंक्डइन प्रोफाइल उघडून पाहतोच. बायोडेटा त्याने स्वतः लिहिलेला असतो. कंपनीच्या अनुभवपत्रात बहुतेक वेळा हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आणि पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा, एवढंच असतं. लिंक्डइनवर २०१२ पासून एका क्लिकमध्ये कौशल्याला दुजोरा देण्याची सोय आहे, पण क्लिक करणाऱ्याला काहीही आठवावं लागत नाही, म्हणून मी ते आकडे फारसे धरत नाही. या माणसाने नेमकं काय केलं, अडचणीच्या वेळी तो कसा वागला, हे त्याच्या शेजारी काम केलेला माणूसच सांगू शकतो. म्हणून शिफारस असली तर मी ती शेवटपर्यंत वाचतो. आणि तिच्यात नुसती विशेषणं निघाली की वाईट वाटतं, कारण चांगल्या माणसाच्या बाजूने बोलायची संधी वाया गेलेली असते.

माझ्या विभागातल्या एका सप्लायर क्वालिटी इंजिनिअरसाठी (पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाचा दर्जा पाहणाऱ्यासाठी) मी जे लिहिलं होतं, त्याचा मराठीतला मसुदा इथे देतो:

'मशीनिंग झाल्यावर आमच्या कास्टिंगमध्ये (ओतीव भागांमध्ये) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे आत राहिलेली भोकं, उघडे पडत होते. ते भाग ओतणारे फाउंड्रीवाले आमच्या मशीन शॉपकडे बोट दाखवत होते आणि आमची माणसं फाउंड्रीकडे. हा रात्रपाळीला फाउंड्रीत जाऊन थांबला. साच्याच्या वाळूतला ओलावा दिवसा तपासला जातो, रात्री तपासला जात नाही, हे त्याच्या लक्षात आलं. वर तक्रार करण्याऐवजी तिथल्या सुपरवायझरबरोबर बसून त्याने रात्रीच्या तपासणीचा तक्ता बसवला. तो दोष थांबला, आणि त्यानंतर फाउंड्रीवाले अडचण आली की आधी त्यालाच फोन करायला लागले. सप्लायरशी न भांडता काम करून घेणारा माणूस हवा असेल, तर मी त्याचंच नाव सुचवेन.'

हा माणूस स्वतः जाऊन पाहतो आणि समोरच्याचा मान राखून दोष काढतो, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. ग्राहकाचं नाव, रिजेक्शनचे आकडे, पार्टचा नंबर मी मुद्दाम टाकलेले नाहीत. गुप्ततेचा करार नोकरी सुटल्यावरही लागू राहू शकतो, आणि आपल्या शिफारशीमुळे तुमची मैत्रीणच अडचणीत यायला नको.

तुमच्या मैत्रिणीबद्दल स्वतःला विचारा: कुठला रिलीज तिने 'अजून तयार नाही' म्हणून अडवला होता? तिच्या बग रिपोर्टवर डेव्हलपर परत प्रश्न विचारायला यायचे, की वाचून थेट दुरुस्तीला लागायचे? नवीन पोरांना तिने काय शिकवलं? ग्राहकाच्या कुठल्या अडचणीचा विचार तिच्याआधी कोणी केलाच नव्हता? एकाचं जरी उत्तर मिळालं तरी पुरे. दोन प्रसंग कोंबू नका.

ती बाई आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी आलेली ३०० हून जास्त शिफारसपत्रं फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोघींनी तपासली होती. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरी आखूड होती, त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्यं जास्त होती, आणि कर्तृत्वापेक्षा कष्टांवर भर होता. आपल्याकडच्या ऑफिसांमध्येही मी हेच वाचतो. पुरुषाबद्दल 'त्याने सिस्टीम उभी केली' आणि बाईबद्दल 'नेहमी हसतमुख, सगळ्यांना सांभाळून घेते, घर आणि ऑफिस दोन्ही छान सांभाळते'. घराचा उल्लेख तिच्या शिफारशीत नकोच. निर्णय तिने घेतला असेल तर 'तिने निर्णय घेतला' असं लिहा, 'तिची मदत झाली' असं नको.

चॅटजीपीटीचं म्हणाल तर तुम्ही काय पाहिलंत हे त्याला ठाऊक नाही. नाव आणि हुद्दा देऊन लिहून घेतलंत तर तीच विशेषणं परत येतील, फक्त जास्त गुळगुळीत होऊन. आधी मराठीत लिहा, जसं घरी जेवताना तिच्याबद्दल सांगाल तसं. मग इंग्रजीत उतरवा, आणि व्याकरण तपासायला हवी तर मदत घ्या. इंग्रजी साधं असलं तरी काही बिघडत नाही. मला तर तेच जास्त खरं वाटतं.

आता थोडं यंत्रणेबद्दल. ती तुमच्या थेट कनेक्शनमध्ये असायला हवी. तुमचं तिच्याशी कामाचं नातं काय होतं आणि तेव्हा तिचं पद कोणतं होतं, हे तिथे निवडावं लागतं, ते बिनचूक निवडा. तुम्ही तिच्या टीममध्ये होतात तर वरिष्ठ असल्यासारखं दाखवू नका. बरोबरीच्या माणसाची साक्षही तितकीच मोलाची असते. मजकूर आधी तिच्याकडे जातो. तिने मान्य केल्यावरच तो तिच्या प्रोफाइलवर दिसतो आणि बदल हवा असेल तर ती तसं कळवू शकते. मर्यादा ३,००० अक्षरांची आहे, पण तेवढं लिहू नका. सुरुवातीच्या ओळीच आधी दिसतात, म्हणून 'मला सांगायला अत्यंत आनंद होतो की' यात त्या घालवू नका. शिफारशीवर तारीखही दिसते. तिने त्याच दिवशी तुमच्यासाठी लिहिलं तर देवाणघेवाण केल्यासारखं दिसेल, तेव्हा तिने लगेच परतफेड करू नये.

खोटं न लिहिण्याची तुमची काळजी मला मोलाची वाटते. जे पाहिलं नाही ते लिहू नका, इतकं सांभाळलंत तरी पुरे. तिचं ऑटोमेशनचं (चाचण्या आपोआप चालवण्याचं) काम तुम्ही जवळून पाहिलं नसेल, तर तो विषय ज्याने पाहिलंय त्याला लिहू दे. उद्या असा कोणी सहकारी मागायला आला ज्याच्या कामाबद्दल तुम्हाला मनापासून चांगलं सांगता येत नाही, तर 'आपण एकत्र फार थोडं काम केलंय, तुझं काम जास्त पाहिलेल्याला विचार' एवढं नम्रपणे सांगा. मोघम चार ओळी देण्यापेक्षा ते बरं, मग तो थोडा नाराज झाला तरी चालेल.

आणि उशीर करू नका. निवृत्त होणाऱ्या माणसाला आपण शाल-श्रीफळ देतो, भाषणं करतो. कपातीत गेलेल्या माणसाच्या हातून लॅपटॉप आणि आयकार्ड परत घेतलं जातं आणि तो दिवस तसाच संपतो. आपण केलेलं काम कोणाच्या लक्षात तरी आहे का, हा प्रश्न त्या दिवसांत फार छळतो. तुमच्या आठ-दहा ओळी आधी ती स्वतः वाचणार आहे, मुलाखत घेणारा नंतर.

लिहिण्याआधी तिला फोन करून विचारा, सध्या कुठल्या प्रकारच्या जागांसाठी अर्ज करतेयस? त्यानुसार प्रसंग निवडता येईल. आणि त्याच फोनवर सांगून टाका की कोणी प्रत्यक्ष बोलायचं म्हटलं, तर बिनधास्त माझा नंबर दे.