वाचकांचे प्रश्न : टँडम सोडून दोन सायकलींवर दूरचा प्रवास

प्रश्न : मी आणि माझे यजमान गेली ६ वर्षे टँडमवर, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या एकाच लांब सायकलीवर, दूरचे प्रवास करत आलो आहोत. ते पुढे बसतात, मी मागे. आता आम्ही ३ महिन्यांच्या प्रवासाची तयारी करत आहोत आणि या वेळी दोघांच्या स्वतंत्र सायकली असाव्यात, असे मला मनापासून वाटते. समोरचा रस्ता मला स्वतःला पाहायचा आहे आणि हँडल स्वतःच्या हातात हवे आहे. यजमानांचा विरोध नाही, परंतु टँडमवर आम्ही दिवसाला ८० ते ९० किलोमीटर जातो, तेवढे अंतर वेगवेगळ्या सायकलींवर होईल का आणि माझा वेग कमी असल्याने आम्ही दिवसभर एकमेकांपासून दूर पडणार नाही का, अशी त्यांना काळजी आहे. आम्ही नव्याने काय शिकले पाहिजे, हेही सांगावे.

उत्तर : आपल्या यजमानांच्या दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. टँडमवर दोघांची पॅडल एका चेनने जोडलेली असतात, त्यामुळे कोणी किती जोर लावला याचा हिशेब ठेवावा लागत नाही. दोघांच्या ताकदीची बेरीज होते आणि दोघे एकाच वेळी मुक्कामाला पोचतात. स्वतंत्र सायकलींवर ही बेरीज मोडते. पुढील सारी तयारी ही गोष्ट मान्य करूनच करावी.

प्रथम अंतराविषयी. सपाट रस्त्यावर थोडा वेग आला की स्वाराची बहुतेक शक्ती हवेचा अवरोध तोडण्यात खर्च होते. टँडमवर मागचा स्वार पुढच्याच्या अगदी आडोशाला असतो. पाय दोघांचे चालतात, पण वाऱ्याला सामोरे जाते ते जवळपास एकच शरीर. वेगळे झाल्यावर प्रत्येकाला आपला वारा स्वतः कापावा लागतो, म्हणून तेवढ्याच श्रमात अंतर कमी पडते. पहिल्या आठवड्याचे मुक्काम ६० ते ६५ किलोमीटरच्या टप्प्यांनी ठरवावेत, असे मी सुचवेन. चढावर मात्र फारसे नुकसान नाही, कारण तिथे प्रश्न वाऱ्यापेक्षा वजनाचा असतो आणि टँडमचे वजन साधारण दोन सायकलींच्या वजनाएवढेच भरते. उलट आपापला गिअर निवडता येणे, हवे तेव्हा सीटवरून उठून पॅडल मारता येणे आणि वाटेल तेव्हा थांबता येणे यामुळे अनेकांना चढ सोपा वाटू लागतो. टँडमवर मागच्या स्वाराला पुढच्याच्याच गतीने पाय फिरवावे लागतात. आपल्या पायांची स्वाभाविक गती कोणती, हे आपल्याला कदाचित आताच प्रथम कळेल.

दूर पडण्याच्या काळजीवर पहिला उपाय सामानाच्या वाटणीत आहे. तंबू, स्वयंपाकाची भांडी, पाण्याचा जादा साठा असे जड सामान यजमानांच्या सायकलीवर द्यावे आणि यात कमीपणा मानू नये. ५-६ किलोंचा फरक चढावर दोघांना बराच जवळ आणतो. चढावर आपण पुढे राहावे म्हणजे गती आपली ठरेल, आणि समोरून वारा असेल तेव्हा यजमानांनी पुढे राहून आपल्याला आडोसा द्यावा. त्यांच्या पाठीमागे बसण्याची आपल्याला सवय असली, तरी तेव्हा मध्ये मोकळी जागा नव्हती. आता निदान एका सायकलीच्या लांबीएवढे अंतर ठेवावे आणि खराब रस्त्यावर याहून बरेच जास्त. याशिवाय एक नियम निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावा : जो पुढे असेल त्याने प्रत्येक फाट्यावर आणि प्रत्येक उतार सुरू होण्यापूर्वी थांबायचे, मागचा दिसेपर्यंत हलायचे नाही. नकाशा, फोन, थोडे पैसे, पंप, ट्यूब आणि पंक्चर काढण्याचे साहित्य दोघांकडे वेगवेगळे असावे. पंप पुढच्या सायकलीवर आणि पंक्चर मागच्या सायकलीला, अशी वेळ सामान एकत्र बांधण्याची सवय असलेल्या जोडप्यांवर हमखास येते.

आता ब्रेकविषयी सविस्तर लिहितो, कारण मला खरी काळजी याचीच वाटते, आणि ती आपल्याइतकीच आपल्या यजमानांबद्दलही आहे. टँडमच्या दोन चाकांमधील अंतर साधारण पावणेदोन मीटर असते, एकट्याच्या सायकलीत ते सुमारे एक मीटर असते. लांबीमुळे टँडमचा पुढचा ब्रेक कितीही जोराने दाबला तरी मागचे चाक सहसा उचलले जात नाही. लहान सायकलीवर तोच जोर लावला की वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होऊन उठते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. इतक्या वर्षांत यजमानांचा हात टँडमच्या वजनाला सरावलेला आहे आणि संकटाच्या क्षणी हात विचारून वागत नाही. आपल्याला तर ब्रेकची सवयच नाही. दोघांनीही मोकळ्या मैदानात, पिशव्या भरून, आधी मंद आणि मग वाढत्या वेगाने थांबण्याचा सराव करावा. जोर हळूहळू वाढवावा आणि त्याबरोबर शरीर मागे न्यावे. या सरावात काही दिवस गेले, तरी ते द्यावेत.

लांब उतारावर मात्र स्वतंत्र सायकली अधिक निर्धास्त असतात. समजा दोन स्वार, टँडम आणि सामान मिळून २०० किलो वजन आहे आणि रस्ता ५०० मीटर उंचीवरून खाली उतरतो, तर सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा वाटेत कुठेतरी जिरावी लागते. हवेचा अवरोध त्यातली थोडीच शोषतो आणि बाकीची एकाच सायकलीच्या ब्रेकवर येते. रिम तापून टायर फुटण्याची भीती त्यामुळेच असते आणि काही टँडमना तिसरा ब्रेक असतो तोही यासाठीच. दोन सायकलींवर ही ऊर्जा निम्मी-निम्मी वाटली जाते, शिवाय प्रत्येक शरीर स्वतंत्रपणे हवेला अडवते.

सायकल निवडताना आपण टँडमवरील मापे जशीच्या तशी घेऊ नयेत. सीट आणि पॅडल यांमधील उंची तीच ठेवावी, शरीराला सवयीची झालेली सीटही काढून नव्या सायकलीवर बसवावी. परंतु हँडलचे अंतर नव्याने ठरवावे, कारण मागच्या स्वाराचे हँडल केवळ धरण्यासाठी असते, त्याने सायकल वळत नाही. खड्डा आला की आजवर यजमान आपल्याला सांगत असत. आता तो आपणच पाहायचा, एका हाताने इशारा करत मागे वळून बघायचे आणि तरी सायकल सरळ ठेवायची, याचाही सराव हवा. दोन्ही सायकलींची चाके एकाच मापाची घ्यावीत. टायरच्या कडेवर कोरलेला ६२२ किंवा ५५९ हा आकडा दोन्हींवर सारखा असला, की ट्यूब आणि टायर एकमेकांना चालतात. ब्रेकचे पॅड आणि चेनही एकाच प्रकारची असावी.

टँडमवरचे अखंड बोलणे मात्र संपेल, आणि ही उणीव आपल्याला पहिल्या काही दिवसांत फार जाणवेल. म्हणून निघण्याच्या निदान २ महिने आधी सायकली घ्याव्यात, पूर्ण सामानासह २-३ दिवसांचा एक प्रवास करून पाहावा, आणि टँडम इतक्यात विकू नये.

प्रश्न : आमच्या टँडमच्या मागच्या चाकाच्या तारा प्रवासात वारंवार तुटतात. वाटेतच टँडम परत पाठवून दोन साध्या सायकली घ्याव्यात का?

उत्तर : आधी चाक पाहावे. त्या एका चाकावर मागच्या स्वाराचे जवळपास सारे वजन, पुढच्याचे काही आणि पिशव्यांचाही मोठा भार येतो. तिथे ३२ तारांचे नेहमीचे चाक असेल, तर तारा तुटणारच. ४० तारांचे, सर्व ताण सारखे असलेले चाक बांधून घ्यावे आणि जड पिशव्या पुढच्या चाकाच्या बाजूंना खाली लावाव्यात. एवढ्याने बहुधा प्रश्न मिटतो. तरीही सायकली बदलायच्याच असतील, तर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी पुढे निघू नये. एका ठिकाणी ४-५ दिवस मुक्काम करून, सामान भरून, वर सांगितलेला ब्रेकचा सराव पूर्ण करावा आणि मगच रस्ता धरावा.