नवखा खेळाडू आणि नियमांची भांडणं: पोकरवर वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांत बहुतेकांची तक्रार एकच आहे, टेबलावर नवीन माणूस बसला की नियमांवरून वाद होतात आणि मग सगळ्यांचाच मूड जातो. याला एक ताजं कारणही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, आणि वर्षानुवर्षं फोनवर पोकर खेळलेली बरीच मंडळी आता गोव्याच्या कॅसिनो बोटींवर लाइव्ह टेबलाला येऊन बसतायत. अशा माणसाने लाखभर हँड, म्हणजे डाव, खेळलेले असू शकतात, त्याला ऑड्स, म्हणजे जिंकायच्या शक्यता, तोंडपाठ असतात, पण हातात चिप कधी धरलेली नसते. ॲपवर आपली पाळी आल्याशिवाय बटणच लागत नाही, कमीत कमी रेज किती, म्हणजे समोरच्याच्या वर किती वाढवायचे, ते स्क्रीनच सांगते, पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, कोणाचा हेही सॉफ्टवेअरच ठरवतं. लाइव्ह टेबलावर हे सगळं स्वतः सांभाळायचं असतं, त्यामुळे हुशार माणूस पण तिथे नवखाच असतो, हे आधी मान्य करूया.

प्रश्न: ताई, आम्ही मित्र पणजीला बोटीवर कॅश गेम खेळत होतो, ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांनी टाकायचे पैसे, १००-२००. माझ्या शेजारचा मुलगा पहिल्यांदाच लाइव्ह खेळत होता. समोरून ६०० ची रेज आली, याने काही न बोलता ५००० ची एक चिप पुढे टाकली आणि नंतर म्हणाला रेज. डीलरने कॉल धरला, म्हणजे फक्त समोरच्याइतकेच पैसे. मुलगा भडकला, ५००० दिसत नाहीत का म्हणाला. मी नियम समजवायला गेलो तर मलाच म्हणाला तुम्ही डीलरच्या बाजूने बोलताय. मी बोलायला नको होतं का? (पुणे)

डीलर बरोबर होता. समोर बेट, म्हणजे कोणीतरी लावलेले पैसे, असताना न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल धरतात, कारण माणसाकडे सुटे नसतील तर तो कॉलसाठी पण तीच चिप टाकणार, आणि त्याच्या मनात काय होतं ते टेबलाला कळायला मार्ग नाही. चिप टेबलाला लागायच्या आधी "रेज" म्हटलं असतं तर रेज झाली असती. हाच मुलगा फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर पहिले तीन पत्ते उघडल्यावर, पहिला बोलणारा असता, समोर कोणाची बेट नसती आणि त्याने तीच चिप गुपचूप टाकली असती, तर मात्र ५००० ची बेट झाली असती, आणि नवीन माणूस नेमका इथेच गोंधळतो, कारण त्याला वाटतं मघाशी हीच चिप ६०० ची झाली आणि आता ५००० ची कशी.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही सांगितलं ते खरं होतं पण वेळ चुकीची होती. हँड चालू असताना, पैसे मध्ये पडलेले असताना, शेजारच्याने सांगितलेला नियम कितीही बरोबर असला तरी ऐकणाऱ्याला तो आपल्या विरोधातला वकील वाटतो. त्यातून तुमच्या हातात पत्ते असतील तर तुमचा स्वार्थ पण आहेच. अशा वेळी एकच वाक्य बोलायचं, "थांबा, फ्लोअरला बोलवूया." फ्लोअर म्हणजे टेबलांवरचे वाद सोडवणारा मॅनेजर. हे वाक्य कोणीही बोलू शकतो, त्यासाठी तुम्ही त्या हँडमध्ये असायची पण गरज नाही. मग कोणी पत्त्यांना हात लावायचा नाही, चिप्स मागे ओढायच्या नाहीत, डीलरने काय झालं ते सांगायचं, दोन्ही बाजूंनी एकेकदा बोलायचं आणि फ्लोअर जो निर्णय देईल तो घ्यायचा. आणि हे लगेच करायला लागतं, पुढच्या हँडचे पत्ते पिसायला सुरुवात झाली की मागच्या हँडवर तक्रार करायचा हक्क संपतो, मग तुम्ही कितीही बरोबर असा. कितीतरी जण दोन हँड धुमसत बसतात आणि मग भांडण काढतात, त्याचा काही उपयोग होत नाही.

हँड संपल्यावर त्या मुलाला हळू आवाजात एवढंच सांगा, आधी तोंडाने बोल, मग चिप टाक. बास. स्ट्रिंग बेट, मिनिमम रेज, शॉर्ट ऑल-इन हे सगळं त्याच दिवशी ऐकवू नका. हे एक वाक्य पाळलं तर निम्मे वाद आपोआप टळतात. सिनेमात दाखवतात तसं "तुमचे ६००, आणि वर माझे ३०००" हे पण मग होणार नाही, कारण "तुमचे ६००" म्हणून चिप्स टाकल्या की तो कॉल झाला, वरचे ३००० नंतर येत नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे की पैशाच्या नियमात नवख्याला सूट द्यायची नाही, वागण्यात भरपूर द्यायची. तो वेळ लावतो, दहादा विचारतो किती कॉल आहे, चिप्सच्या थप्प्या वेड्यावाकड्या लावतो, हे सगळं चालवून घ्या. पण कॉलची रेज करून द्या म्हणाल तर ज्याने ६०० ची रेज केली होती त्याच्यावर अन्याय होतो, आणि तो माणूस पण त्याच टेबलावर पैसे लावून बसलाय ना.

प्रश्न: दिवाळीत आमच्याकडे सगळे जमतात, आधी तीन पत्ती असायची, यंदा भाच्यांनी पोकर लावला, नुसत्या चिप्सवर, पैसे नाहीत. काकांकडे सिक्वेन्स आला, माझ्या जावेकडे कलर. काका म्हणाले सिक्वेन्स मोठा, आयुष्यभर असंच खेळलोय. भाचा म्हणाला कलर मोठा. काका पत्ते टाकून उठून गेले. कोण बरोबर? (सांगली)

दोघेही आपापल्या खेळात बरोबर आहेत. आणि हे काकांना नीट सांगितलं पाहिजे, कारण त्यांना वाटलं असणार की कालची पोरं आपल्याला खोटं पाडतायत.

जे क्वचित येतं ते मोठं, एवढाच या खेळांचा हिशोब आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून तो वर. पोकरमध्ये पाच पत्ते धरतात, तिथे एकूण हात २५,९८,९६०, त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८, म्हणजे उलटं झालं, पाच पत्ते एकाच रंगाचे येणं जास्त अवघड. काका हिशोबाचे असतील तर त्यांना हे आकडे आवडतील, मी तर म्हणते त्यांनाच दाखवा आणि बाकीच्यांना समजवायला सांगा.

तीन पत्तीवाल्या घरात अजून काही ठिकाणी वाद होणार आहेत ते आत्ताच सांगून ठेवते. एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत बऱ्याच घरी मोठा सिक्वेन्स धरतात, पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यात छोटा. इस्पिक मोठं की बदाम मोठं हा प्रश्नच पोकरमध्ये नाही, दोघांचे पाच पत्ते सारखे निघाले की पॉट अर्धा अर्धा. आणि तीन जोड्या असं काही नसतं, हातातले दोन आणि टेबलावरचे पाच अशा सात पत्त्यांतून चांगले पाच निवडायचे, त्यात दोनच जोड्या बसतात, तिसरी जोडी कितीही देखणी असली तरी त्यातला फार तर एक पत्ता पाचवा म्हणून लागतो. तीन पत्तीत शेवटचे दोघं उरले की पैसे टाकून शो मागतात, इथे शो विकत घ्यायचा नसतो, रिव्हरवर, म्हणजे शेवटचा पत्ता उघडल्यावर, ज्याने शेवटची बेट किंवा रेज केली तो आधी दाखवतो, आणि रिव्हरवर कोणीच बेट केली नसेल तर डीलरच्या डावीकडून जो पहिला खेळात आहे तो.

घरी फ्लोअर मॅनेजर नसतो म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी एक माणूस ठरवा ज्याचं शेवटचं ऐकायचं, आणि हातांची क्रमवारी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर ठेवा. वाद झाला की "काका, तुम्ही चुकताय" असं कोणी म्हणायचं नाही, कागद पुढे सरकवायचा. मोठ्या माणसाला पोरांसमोर चूक म्हटलेलं लागतं, कागदाने म्हटलेलं लागत नाही. आणि पैसे न लावता खेळलात ते चांगलं केलंत, महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा अजून आहे, घरगुती खेळ आहे म्हणून पैशाने खेळायला मी कोणालाच सांगणार नाही.

प्रश्न: आम्ही एडिसनला राहतो, मेव्हणा भारतातून आला होता म्हणून त्याला अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत घेऊन गेलो. शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते दाखवताना, समोरच्याने तीन अठ्ठ्या दाखवल्या, हा म्हणाला "टू पेअर" आणि पत्ते टाकायला निघाला. मला शेजारून दिसलं की त्याच्याकडे स्ट्रेट, म्हणजे सिक्वेन्स, आहे. मी मराठीत ओरडलो, अरे टाकू नकोस. समोरचा माणूस प्रचंड चिडला, फ्लोअर आला, मला वॉर्निंग मिळाली. पॉट खरंच त्याचा होता ना, मग माझं काय चुकलं? (न्यू जर्सी)

तुमची तळमळ कळते मला, आपल्या माणसाचे पैसे डोळ्यांसमोर जाताना गप्प बसवत नाही. तरी समोरच्याचा राग रास्त होता.

इथे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, पत्ते सरळ करून टेबलावर ठेवले होते का हातात होते. दोन्ही पत्ते उघडे टेबलावर असतील तर पत्तेच बोलतात, मेव्हण्याने तोंडाने टू पेअर म्हटलं काय किंवा काहीच म्हटलं नाही काय, स्ट्रेट असेल तर स्ट्रेटच. आणि डीलर वाचायला चुकला तर टेबलावरच्या कोणीही बोलावं, अगदी जो हँडमध्ये नाही त्याने पण. पण पत्ते अजून हातात असतील तर एका हँडला एकच खेळाडू हा नियम लागतो, दुसऱ्या कोणीही सल्ला द्यायचा नाही, मग तो नवरा असो, मित्र असो नाहीतर मेव्हणा. समोरच्या माणसाच्या जागेवरून बघा, तो एकट्या मेव्हण्याशी खेळत होता आणि अचानक दोघं झाले, त्यात भाषा त्याला न कळणारी. अमेरिकेत तर हँड चालू असताना टेबलावर इंग्लिशच बोलायचं असा नियम बहुतेक सगळीकडे असतो. गोव्यात दोन मराठी मित्र शेजारी बसले की हेच होतं, बोलणं जेवणाबद्दल असतं पण पलीकडच्या दिल्लीवाल्याला कसं कळणार. हँडमध्ये असताना टेबलावर सगळ्यांना कळेल त्याच भाषेत बोलावं, नाहीतर गप्प बसावं.

आणखी एक, तुम्हाला त्याचे पत्ते दिसत होते हेच मुळात बरोबर नव्हतं. नवखे लोक पत्ते वर उचलून बघतात, त्यांना पहिल्याच हँडला सांगायला हवं की पत्ते टेबलावरच ठेव, कोपरा उचलून बघ.

पुढच्या वेळी कोणाला घेऊन गेलात तर गाडीतच शिकवा की शोडाउनला काही जाहीर करायचं नाही, दोन्ही पत्ते उघडे करून समोर ठेवायचे, डीलर वाचेल, आणि पॉट आपल्याकडे सरकवेपर्यंत पत्ते सोडायचे नाहीत. सगळ्यात जास्त पैसे नवीन माणूस इथेच घालवतो, जिंकलेला हात स्वतःच्या हाताने मकमध्ये, म्हणजे टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात, टाकून.

प्रश्न: आमच्या टेबलावर एक नवीन मुलगा सारखा पाळी सोडून बोलत होता. एकदा मी विचार करत होतो आणि त्याने माझ्या मागून आधीच चेक, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे, असं म्हटलं, मग मी बेट केली तर त्याने रेज केली. मला फसवल्यासारखं वाटलं. हे चालतं का? (ठाणे)

चालतं, आणि यावर टुर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचा नियम अगदी स्पष्ट आहे. ही संघटना २००१ मध्ये सुरू झाली, तिचे नियम टुर्नामेंटसाठी आहेत पण बरेच कॅश गेमवाले पण त्यांचाच आधार घेतात. पाळी सोडून केलेली ॲक्शन मागे नेतात, ज्याची पाळी आहे तो आधी खेळतो, आणि त्याच्या खेळण्याने परिस्थिती बदलली नाही तर मधेच बोललेलं बंधनकारक राहतं. चेक, कॉल, फोल्ड (पत्ते टाकून देणं) यांनी परिस्थिती बदलत नाही, बेट आणि रेजने बदलते. तुम्ही चेक केलं असतं तर त्याचा चेक पक्का झाला असता. तुम्ही बेट केलीत म्हणून तो मोकळा झाला, कॉल, रेज, फोल्ड काहीही करायला. फक्त पाळी सोडून केलेला फोल्ड मात्र फोल्डच राहतो.

तो मुद्दाम करत होता का, हे एका हँडवरून सांगता येत नाही. खरा नवखा माणूस टोकल्यावर लाजतो आणि पुढच्या वेळी उजवीकडे बघून मग बोलतो. पण तोच माणूस मोठ्या पॉटलाच पाळी विसरत असेल, छोट्या पॉटला नाही, तर तो नवखेपणाचा फायदा घेतोय. तेव्हा त्याच्याशी स्वतः भांडू नका, दोन हँडच्या मध्ये फ्लोअरला बाजूला घेऊन सांगा की याच्याकडे लक्ष ठेवा, हे किती वेळा झालं. पाळी सोडून खेळण्यावर पेनल्टी देता येते, फक्त ती द्यायचं काम फ्लोअरचं. तुमच्या हातात एवढंच आहे की विचार करायला वेळ हवा असेल तर मोठ्याने "टाइम" म्हणायचं, म्हणजे पुढच्याला तुम्ही चेक केलं असं वाटायला जागा राहत नाही, आणि तुम्ही टाइम म्हटलेलं डीलरच्या पण लक्षात राहतं.